बाळ-बाळंतीण: शब्द एक, खाती दोन



आपल्या भाषेत एक जोडशब्द आहे. गावात कुणाची सुटका झाली की आपण विचारतो, "बाळ-बाळंतीण खुशाल आहेत ना?" नुसतं बाळ कसं आहे, असं कुणी विचारत नाही. दोघांची खुशाली एका दमात विचारायची, ही आपली जुनी रीत. पण हीच बाई बाळ घेऊन घराबाहेर पडली की शब्द मधोमध तुटतो. बाळाचं वजन अंगणवाडीत. लस उपकेंद्रात. आईचं रक्त तपासायचं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात. सोनोग्राफीला तालुक्याला. नवऱ्याला खोकला आहे, त्याचा कागद आणखी तिसरीकडे. घरात पाणी कुठलं येतं, ते तर कुणीच विचारत नाही.

हा शब्द कसा तुटला आणि तो पुन्हा सांधायचा प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात कुणी केला, ते आज आम्ही सांगणार आहोत. जामखेडला जरा जास्त वेळ थांबू, मग गडचिरोलीला जाऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पूर्वी सगळं छान होतं आणि सरकारनं येऊन बिघडवलं, असं आम्ही म्हणणार नाही. पूर्वी सुईण यायची. ती बाळंतपण करायची, बाळाला न्हाऊ घालायची, आईचं अंग चोळायची, शेक द्यायची, डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं काय द्यायचं ते सासूला सांगायची. आई आणि बाळ दोघं तिच्या एका नजरेत असायची, हे खरं. पण तीच सुईण विळ्यानं नाहीतर दगडानं नाळ कापायची, वर राख किंवा शेण लावायची. मग आठवड्याच्या आत बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, अंग ताठ व्हायचं. तो धनुर्वात. पाचवीला आपण सटवाई पुजतो, ती बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणतो. आम्हाला वाटतं, त्या पाच-सहा दिवसांची भीती उगाच नव्हती. बाया ते दिवस डोळ्यांनी बघत होत्या, कारण तेवढं ठाऊक नव्हतं. गरोदरपणी धनुर्वाताची लस आणि स्वच्छ ब्लेड, एवढ्यानं हा आजार हटत गेला. २०१५ मध्ये भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा सुया आणि सरकार यांचे उपकार आहेतच.

आता तुटण्याची गोष्ट. इंग्रज जायच्या आधी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. देशात दरवर्षी सुमारे दोन लाख बाया बाळंतपणाच्या कारणानं मरतात, असा त्या अहवालाचा अंदाज होता. समितीनं सांगितलं की आजार झाल्यावर औषध देणं आणि आजार होऊच न देणं, ही दोन्ही कामं एकाच ठिकाणाहून व्हावीत. आज आपण ज्याला पीएचसी म्हणतो त्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथली. म्हणजे कागदावर सगळं एकत्रच होतं.

प्रत्यक्षात काय झालं? एक-एक रोग, एक-एक योजना. हिवतापाचा माणूस वेगळा, देवीच्या लसीचा वेगळा, क्षयाचा वेगळा. १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम आला. पुढं पुढं नर्सबाईच्या डोक्यावर ऑपरेशनांचा आकडा बसला. १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात तर त्या आकड्यापुढं बाकी सगळी कामं मागं पडली. नर्सबाई दारात आली की बाया मागच्या दारानं शेतात निघून जायच्या. जिच्याकडं गरोदर बाईनं विश्वासानं यायचं, तिलाच बाया चुकवायला लागल्या. हे नुकसान कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नाही, पण ते भरून यायला पुष्कळ वर्षं लागली.

त्याच सुमाराला जामखेडमध्ये वेगळं काही चाललं होतं.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड. कायम दुष्काळी भाग, ऊसतोडीला जाणारी माणसं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथं आलं. दोघं वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. जामखेडच्या आधी ते वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. तिथं त्यांना एक गोष्ट खटकायची. मूल जुलाबानं सुकलेलं यायचं, बरं होऊन जायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच मूल तसंच परत यायचं. दवाखाना मुलाला बरं करत होता, पण मुलाला आजारी पाडणारं घर, पाणी, पोटातली भूक आहे तिथंच होती. मग ते अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आले आणि जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू केलं.

आल्या आल्या काय केलं असेल? आपल्याला वाटेल, गरोदर बायांची तपासणी. पण लोकांनी सांगितलं, आम्हाला औषध नको, अन्न आणि पाणी द्या. ते दिवस दुष्काळाचे. १९७२ चा दुष्काळ आपल्या घरातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात: सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं. तेव्हा आरोळ्यांनी आधी गावच्या तरुण शेतकऱ्यांची मंडळं धरली. विहिरी, हातपंप झाले, लहान मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी गावात स्वयंपाक सुरू झाला. काही गावांत हातपंप मुद्दाम दलित वस्तीत घेतले. पाणी हवं तर सगळ्यांना तिथंच यावं लागेल, हा त्यातला हिशेब. माता-बाल आरोग्याचं काम म्हणून कुणी विहिरीचं नाव घेणार नाही. पण ज्या बाईला सातव्या महिन्यात दोन मैलांवरून हंडा आणावा लागतो, तिची पाणी आणायची सोय करणं ही तिची तपासणीच आहे, असं आम्हाला वाटतं.

मग प्रश्न आला, गावात रोज लक्ष कोण ठेवणार? आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून बघितल्या. जमलं नाही. एकटी, परगावची तरुण मुलगी. तिला राहायला सुरक्षित घर नाही आणि गावातल्या बाया तिचं ऐकेनात. लग्न न झालेल्या पोरीकडून बाळंतपणाचा सल्ला कोण घेणार? तेव्हा गावकऱ्यांमधूनच विचार पुढं आला की आमच्याच गावातली बाई शिकवा ना. अशा निवडल्या गेल्या गाव आरोग्य कार्यकर्त्या. बहुतेक मध्यमवयीन, पुष्कळशा दलित समाजातल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही विधवा, आणि बऱ्याच जणींना सहीसुद्धा येत नव्हती.

त्यांचं शिक्षण कसं झालं हे ऐकण्यासारखं आहे. आठवड्यातून दोन दिवस त्या जामखेडला मुक्कामी यायच्या. एका आठवड्याला एकच विषय. तो गावात जाऊन करून बघायचा, पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचं, काय जमलं, कोण काय म्हणालं. मग पुढचा विषय. पण पहिला धडा औषधाचा नव्हता. वेगवेगळ्या जातींच्या बाया एका छताखाली आल्या तेव्हा एकमेकींच्या हातचं खायला तयार नव्हत्या. एकत्र स्वयंपाक करणं, एका पंगतीत बसणं आणि रात्री एकेक मोठं पांघरूण बऱ्याच जणींत मिळून घेणं, असं ठरवून केलं गेलं. थंडीच्या रात्री पांघरूण ओढताना विटाळ कुठवर टिकणार! आपल्या बचत गटाच्या सहलीत आता हे सहज घडतं, म्हणून त्यात विशेष वाटत नाही. १९७०-७५ चं मराठवाड्याच्या शिवेवरचं खेडं डोळ्यांपुढं आणा, म्हणजे कळेल.

हे आरोग्याच्या कामासाठी गरजेचंही होतं. जी बाई दुसऱ्या वस्तीतल्या बाळंतिणीच्या अंगाला हात लावणार नाही, ती कसली आरोग्य कार्यकर्ती? आणि जिच्या हातचं पाणी गाव पीत नाही, तिच्या हातून बाळंतपण कोण करून घेईल? जात ओलांडल्याशिवाय गर्भवतीपर्यंत पोचताच येत नव्हतं.

आता ही बाई काय करायची ते बघा. समजा, एका घरात सून पाच महिन्यांची गरोदर आहे. डोळे पांढरे, पाय सुजलेले. सरकारी योजनेतली नर्स लोहाच्या गोळ्या देऊन गेली असती. आमची ही कार्यकर्ती त्याच गल्लीतली. तिला माहीत आहे की सून सगळ्यांच्या शेवटी जेवते. तिला माहीत आहे की सासू मुद्दाम कमी वाढते, कारण जास्त खाल्लं तर पोटातलं मूल मोठं होईल आणि बाळंतपण अडेल, अशी समजूत आहे. सासू वाईट नाही, घाबरलेली आहे, तिनं अडलेली बाळंतपणं बघितलेली आहेत. मग कार्यकर्ती सुनेशी नाही, सासूशी बोलते. शेजारची बाई नीट जेवली आणि सुखरूप सुटली, ती दाखवते. मोठं मूल दीड वर्षाचं, हडकुळं, त्याचं वजन त्याच फेरीत होतं. जुलाब असतील तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते आईला करून दाखवते. नवऱ्याचा खोकला तीन आठवडे जुना, त्याला क्षयाच्या तपासणीला धाडते. आजीच्या पाठीवर बधिर चट्टा दिसला, तो महारोग असू शकतो, तेही तिला ठाऊक आहे. एक उंबरा, एक बाई, आणि घरातलं सगळं एकत्र दिसतं. याला मोठ्या शब्दात समग्र आरोग्य म्हणतात. आरोळ्यांच्या प्रकल्पाच्या नावातच तो शब्द आहे: समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प.

पण नुसती गावातली बाई हुशार करून भागत नाही, हा जामखेडचा दुसरा अर्धा भाग, आणि पुढं ज्यांनी ज्यांनी जामखेडची नक्कल केली त्यांतले बरेच जण तो विसरले. कार्यकर्तीच्या मागं फिरतं पथक होतं. नर्स, समाजसेवक, कधी डॉक्टर ठरल्या दिवशी गावात यायचे आणि तिनं शोधलेल्या अडचणीच्या केसेस बघायचे. त्यांच्यामागं जामखेडचा दवाखाना होता, जिथं सिझेरियन होत होतं. कार्यकर्तीनं पाठवलेल्या बाईला तिथं मान मिळायचा, कारण डॉक्टर त्या कार्यकर्तीला नावानं ओळखायचे. ती सांगायची ते ऐकायचे. पथक गावात आलं तरी आधी तिला विचारायचं. त्यामुळं गावात तिची पत वाढली. साखळीतली शेवटची कडी सगळ्यात खालची मानली नाही, म्हणून साखळी ओढ सोसत गेली.

परिणाम? प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये त्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा पंचवीसच्या आसपास किंवा त्याखाली आला. १९७५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं निरनिराळ्या देशांतल्या अशा कामांचं एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. १९७८ मध्ये अल्मा-आटा या शहरात अनेक देशांनी मिळून प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा काढला, त्याआधीच्या चर्चेत हे नाव होतं. १९७९ मध्ये आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि १९८८ मध्ये जामखेडच्या एक कार्यकर्त्या, मुक्ताबाई पोळ, अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलायला गेल्या. सभागृहात छताला झुंबरं लागलेली. त्यांकडं बोट दाखवून त्या जे बोलल्या त्याचा आशय असा, की ही झुंबरं देखणी आहेत, महाग आहेत, उंचावर आहेत, तसे तुमचे डॉक्टर. मी साधी पणती. पण पणतीनं दुसरी पणती लावता येते, झुंबरानं दुसरं झुंबर लावता येत नाही. सभागृह उठून उभं राहिलं म्हणतात. आम्हाला त्यातलं आवडतं ते हे की डॉक्टर नकोत असं त्या म्हणाल्या नाहीत.

एका बाबतीत मात्र आमचं मन खात राहतं. या बायांना पगार असा नव्हता. गटातून कर्ज, छोटा धंदा, शेळ्या-कोंबड्या, त्यातून त्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या, मान मिळाला, हे सगळं खरं. संस्था त्यांच्या सुखदुःखात उभी होती. पण पुढं सरकारनं या गोष्टीतून धडा कोणता घेतला? बाया कमी पैशांत आरोग्याचं काम करतात, हा. मान, दर आठवड्याचं शिक्षण, मागं उभा असलेला दवाखाना हे अवघड भाग सुटले, आणि मानधन नावाचा सोपा भाग तेवढा उचलला गेला.

१९७५ मध्ये, २ ऑक्टोबरला, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आपली अंगणवाडी. नावातच 'एकात्मिक' आहे आणि कल्पनाही चांगली: पोषण, लस, तपासणी, शाळेआधीचं शिक्षण, आईला सल्ला, सगळं एका अंगणात. पण झालं असं की अंगणवाडी ताई महिला व बालविकास खात्याची आणि नर्सबाई आरोग्य खात्याची. वजन एकीच्या वहीत, लस दुसरीच्या. मूल एकच, वह्या दोन, साहेब दोन. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमायची योजना आली. तिथं निवड गावानं करायची होती, आणि गावानं, म्हणजे गावातल्या पुरुषांनी, देशभर बहुतेक पुरुषच निवडले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष स्वयंसेवक जाणार कसा? ती योजना हळूहळू विरून गेली.

आता गडचिरोलीला चला. राज्याचं दुसरं टोक, जंगल, गोंड आणि माडिया आदिवासींची गावं. १९८६ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथं 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी पहिल्यांदा जे केलं ते जगात त्याआधी फारसं कुणी केलं नव्हतं. दोन गावांतल्या ६५० बायांची, गरोदर असोत-नसोत, स्त्रीरोगांसाठी तपासणी. निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरातल्या ९२ बायांना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त आठ. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, आतला दाह, सगळं अंगावर काढायचं. सरकारच्या लेखी बाई म्हणजे गर्भाची पिशवी: भरली की माता, बंद केली की नियोजन. मधल्या बाईकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पुढं १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर जागतिक परिषद झाली, तिथं बाईच्या प्रजनन आरोग्याचा विचार सगळ्या जगानं मान्य केला. तिथवर जाणाऱ्या वाटेत गडचिरोलीच्या या साडेसहाशे बाया आहेत.

मग बाळांकडं. आधी न्यूमोनिया. निरक्षर दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून अभय बंगांनी मण्यांचं एक साधं यंत्र बनवलं. मिनिटभराची वाळूची घडी उलटी करायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया, औषध सुरू. हिशेब येत नसेल, पण दहापर्यंत मोजणं प्रत्येक बाईला येतं.

तरीही जन्मल्यावर महिन्याच्या आत जाणारी बाळं वाचत नव्हती. सटवाईचे ते दिवस. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं होतं की अशा बाळांना मोठ्या दवाखान्यात न्या. गडचिरोलीत कुठं नेणार? मग १९९३ ते ९८ या काळात ३९ गावांत एक प्रयोग झाला. गावातलीच, पाच-दहा यत्ता शिकलेली बाई आरोग्यदूत. ती बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहायची, सुईण आईकडं बघे, आरोग्यदूत बाळाकडं. बाळ रडलं नाही तर श्वास द्यायचा. वजन करायचं, ताप बघायचा, ऊबदार पिशवीत गुंडाळायचं, पहिल्या तासात अंगावर पाजायला लावायचं. महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जायचं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. यावर तज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला. दहावी न झालेली बाई नवजात बाळाला सुई टोचते! पण तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांशी पडताळल्यावर दिसलं की महिन्याच्या आतले मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या डिसेंबरात तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं.

या गोष्टीचा एक भाग मात्र कमी सांगितला जातो. आरोग्यदूत जायची बाळासाठी, पण बसायची आईजवळ. त्यामुळं घरी बाळंत झालेल्या ७७२ बायांच्या दुखण्यांची नोंद झाली. बाळंतपणानंतरच्या दिवसांत शंभरातल्या साधारण ४३ जणींना काहीतरी त्रास झालेला होता: छातीत दूध साठून गाठी, ताप आणि जंतुसंसर्ग, उशिरानं होणारा रक्तस्राव. आधी हे कुणाला का माहीत नव्हतं? कारण सव्वा महिना बाई खोलीबाहेर पडायची नाही आणि खोलीत कुणी जायचं नाही. बाळाला बघायला जाणारी कुणीतरी दारात आली, तेव्हा आईचं दुखणं दिसलं.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' नावाचा बालमृत्यूंवरचा अहवाल अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यात किती बालमृत्यू नोंदवलेच जात नाहीत, हे त्यात मांडलं होतं. विधानसभेत गाजला. २००५ मध्ये राज्यानं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढलं. त्याचं मुख्य काम आरोग्य आणि बालविकास ही दोन खाती एका सतरंजीवर बसवणं. म्हणजे जोडण्यासाठी तिसरं कार्यालय लागलं! हसू येतं, पण ते लागलं हे खरं, आणि त्यानं काही काम केलं हेही खरं. त्याच वर्षी देशात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकवस्तीमागं एक आशा. आशा म्हणजे जामखेडची कार्यकर्ती आणि गडचिरोलीची आरोग्यदूत यांचीच पुढची पिढी. २०१० मध्ये दोन्ही खात्यांनी मिळून माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरोघरच्या नवजात बाळाच्या भेटी आशांवर सोपवल्या. दवाखान्यात बाळंत झाली तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंत झाली तर पहिल्या दिवसाची आणखी एक. या सगळ्या भेटी मिळून आशाला २५० रुपये ठरले.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात आपल्या राज्यातल्या अंगणवाडी ताई संपावर गेल्या, आणि आशाही. दोघींचं काम त्याच घरात, त्याच बाळाशी. पण संप दोन, मागण्यांचे कागद दोन, कारण खाती दोन. एकत्र का नाही गेलात, असं त्यांना विचारणं अन्यायाचं होईल. त्यांना तोडलं कुणी ते वर सांगितलंच.

आता तुमच्या घरातलं ते कार्ड काढा. गरोदरपणाची पानं बघा: वजन, रक्तदाब, रक्त, गोळ्या. रकाने भरलेले दिसतील. मग बाळाची पानं बघा: लशी, वजनाची वळणारी रेघ. तीही भरलेली. आता या दोन्हींच्या मधे, बाळंत झाल्यानंतर आईसाठी जे थोडे रकाने आहेत ते बघा. राज्यातल्या साधारण निम्म्या बायांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय पाहणीतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि बाळंतपणात रक्त गेल्यावर ते आणखी कमी होतं. मग बेचाळिसाव्या दिवशी आशाताई बाळाचं वजन करायला येते, त्याच वेळी तिनं विचारावं आणि आपणही आपण होऊन सांगावं: रक्तस्राव थांबला का, टाक्यांत पू आहे का, छाती दुखते का, लघवी सांडते का, झोप लागते का, उगाच रडू येतं का, घरात जेवायला शेवटी बसते का. याचा मेहनताना तिला वेगळा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा, आणि तिला चहा विचारा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना गटातल्या प्रत्येकीनं घरातल्या लेकीचं, सुनेचं किंवा स्वतःचं कार्ड घेऊन यावं. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल त्या प्रत्येकीनं. आईचे किती रकाने कोरे आहेत ते आम्ही मोजणार आहोत. नावं न लिहिता, नुसते आकडे. ते घेऊन गाव आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीच्या सभेत जाऊ. त्या समितीत अंगणवाडी ताई, नर्सबाई, आशा आणि ग्रामपंचायत अशी सगळी एका जागी बसतात. सभा कधी आहे ते आशाताईला विचारून ठेवा.